जुने गाणारे बोलपट आणि आपली मुले

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत पाचवीच्या मुलांना मी 'अयोध्येचा राजा' दाखवला. खिडक्यांना पोती अडकवली, भिंतीवर धुवट धोतर ताणून बांधले, आणि पोरे सतरंजीवर दाटीवाटीने बसली. मनात म्हटले, आपल्या कोल्हापुरात तयार झालेला बोलपट, सत्यवचनी राजाची गोष्ट, गाणी तर भरपूर. यापेक्षा चांगले मुलांना काय दाखवायचे? काशीच्या बाजारात राजा आपली राणी आणि आपले पोर विकायला उभे करतो, तो प्रसंग आला. वर्ग चिडीचूप होता. तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला, "गुरुजी, राणीला कुणी विचारलं होतं का?"

मी त्या वेळी "गप्प बस, पुढे बघ" म्हणालो. आजही ते मला बोचते. ती मुलगी काही वावगे बोलली नव्हती. सबंध वर्गात नीट लक्ष देऊन बघत असलेली तीच एक असावी.

आपल्याकडे एक समजूत आहे. जुना बोलपट म्हणजे सोज्ज्वळ, घरच्यांबरोबर निर्धास्त बघावा असा, आणि नवा म्हणजे डोळे झाकून घ्यावेत असा. जुने ते सोने म्हणतात ना! पण सोनेसुद्धा आपण कसोटीवर घासूनच घेतो. 'प्रभात'च्या पाच भागीदारांत सीतारामपंत कुलकर्णी हे कोल्हापूरचे सराफच होते. त्यांना हे वेगळे सांगावे लागले नसते.

मुलांना काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हा प्रश्न कोल्हापूरच्या सिनेमाइतकाच जुना आहे. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि 1920 साली 'सैरंध्री' हा मूकपट आणला. त्यात भीम कीचकाला मारतो तो देखावा इतका हुबेहूब उतरला की पाहणाऱ्यांची बोबडी वळली, आणि सरकारला तो भाग काढायला लावावा लागला. याच चित्रपटावर खूष होऊन लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. एकाच पडद्याकडे बघून एकजण शाबासकी देतो आणि दुसरा कात्री चालवतो, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी पुढे बाहेर पडली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि हे सराफ कुलकर्णी, अशा पाचजणांनी 1929 च्या जून महिन्यात कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. दोन वर्षांतच, 1931 साली मुंबईत 'आलम आरा' बोलू लागला आणि मूकपटांचा बाजार उठला. मग प्रभातनेही बोलपट करायचा ठरवला, मराठीत आणि हिंदीतही. तोच 1932 चा 'अयोध्येचा राजा'. आज जपून राहिलेल्या मराठी बोलपटांत सर्वांत जुना तोच आहे.

त्या काळी बोलपट म्हणजे गाणारा बोलपट, हे गृहीतच होते. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी माणसाला गाण्याशिवाय नाटक गोड लागेना. तोच प्रेक्षक पुढे सिनेमाला आला. एकाने ओठ हलवायचे आणि दुसऱ्याने गायचे ही सोय अजून निघाली नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून स्वतःच गायचे. म्हणून हरिश्चंद्राचे काम गोविंदराव टेंब्यांकडे आले. टेंबे आपल्या कोल्हापूरकडचे, हार्मोनियमचे बादशहा, 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्याच. बोलपटाचे संगीतही त्यांनीच दिले. आजच्या मुलाला त्यांची चाल जरा संथ वाटते, हे खरे. पण दोन-तीन गाणी झाली की कान सरावतो. निदान माझा अनुभव तरी तसा आहे.

आता पुन्हा त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. राणीला कुणी विचारले का? नाही विचारले. कथेत बायको आणि मुलगा ही राजाची मालमत्ता आहे. राज्य गेले, खजिना गेला, मग उरलेले विकायचे. आणि हे सारे कथेत पुण्यकर्म म्हणून येते. पोरांपुढे हे जसेच्या तसे ठेवून आपण पुढे सरकलो, तर मुलगे काय शिकतील आणि मुली काय शिकतील याचा विचार शिक्षकाने करायला हवा.

पण गंमत अशी की त्याच बोलपटाची दुसरी बाजूही आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली हीच हरिश्चंद्राची गोष्ट पडद्यावर आणली, तेव्हा तारामतीचे काम करायला बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडे नेसून ते काम केले. एकोणीस वर्षांनी कोल्हापुरात तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या प्रतिष्ठित घरातल्या, कॉलेजात शिकलेल्या. अशा घरच्या बाईने तोंडाला रंग लावायचा म्हणजे तेव्हा केवढा गहजब! त्या निभावून गेल्या, आणि त्यांच्यामागून इतर बायकांना वाट मोकळी झाली. म्हणजे पडद्यावर तारामती विकली जात होती आणि पडद्यामागे तिचे काम करणारी बाई स्वतःच्या पायावर उभी राहत होती. ही हकीकत मुलांना आधी सांगावी. मग ती तारामतीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

मुलाच्या मनात गोष्टीतले काय रुजेल ते आधी सांगता येत नाही. गांधीजींनी लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले आणि ते त्यांच्या मनातून जाईना. सगळ्यांनीच असे सत्यवादी का होऊ नये, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस पडे, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. त्यांनी त्या नाटकातून सत्य उचलले. बायको विकण्याची गोष्ट त्यांनी उचलली नाही, असे आपण चटकन म्हणतो. पण त्याच आत्मकथेत, कोवळ्या वयात लग्न झाल्यावर आपण बायकोवर कसा हुकूम गाजवू पाहिला, तिने कुठे जावे याचीही परवानगी आपल्याकडून घ्यावी असे कसे वाटे, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले आहे. ते नाटकातून आले असे मी म्हणणार नाही. ते हवेतच होते. नाटकाने ते खोडले नाही, एवढे मात्र म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट, आणि ती बोलायला अवघड आहे. राजाच्या दुर्दशेचा कळस कुठला? तर तो स्मशान राखणाऱ्या डोंबाचा नोकर होतो. हे बघून आपण हळहळतो. का? तर ते काम हलके, तो माणूस हलका, असे कथेने धरून चाललेले आहे. आता आपल्या वर्गात बसलेल्या पोरांपैकी कुणाच्या आजोबा-पणजोबांनी गावात असलीच कामे केली असतील, तर त्या पोराने त्या क्षणी कुठे बघायचे? कोल्हापूरच्या शिक्षकाला तर हा विचार चुकवता येणार नाही. याच संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एका वर्गात बसवण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमानंतर तेराच वर्षांनी, त्याच गावात, हा बोलपट झाला. एका वर्गात बसलेल्या सगळ्या पोरांनी तो एकत्र बघायचा, तर मास्तरने तिथे थांबून दोन शब्द बोललेच पाहिजेत. स्मशानाची राखण हे काम आहे, आणि ते कुणीतरी केल्याशिवाय गावाचे चालत नाही. एवढे साधे बोलले तरी पुरते.

ही अडचण आपल्यापुरतीच नाही, बरं का. अमेरिकेत 1927 साली 'द जॅझ सिंगर' हा गाणारा सिनेमा आला आणि तिथल्या बोलपटाचे युग सुरू झाले. त्यात गोरा गायक तोंडाला काळे फासून, निग्रो म्हटल्या जाणाऱ्या लोकांचे सोंग घेऊन गातो. तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या. आज ते बघताना मान खाली जाते. वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने 1946 साली 'साँग ऑफ द साऊथ' काढला. त्यात मळ्यांवरच्या काळ्या लोकांचे जिणे असे गोडगोड रंगवले होते की पुढे कंपनीलाच ओशाळे वाटू लागले, आणि तिथे घरी बघण्यासाठी त्याची कॅसेट वा तबकडी तिने कधी काढलीच नाही. जुन्या पेटीला कुलूप लावण्याचा हा एक मार्ग झाला. मला तो पटत नाही. कुलूप लावले की आपल्या आजोबांनी कशावर टाळ्या वाजवल्या, हे नातवाला कळायची सोयच उरत नाही. आपल्याकडे तर कुलपाची वेळही फारशी आली नाही. जुन्या फिती चटकन पेट घेणाऱ्या, काही आगीत गेल्या, काही दमट हवेत कुजल्या. 'सैरंध्री' आज बघायला मिळत नाही. उरलेल्यांपैकी पुष्कळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपल्या आहेत, आणि काही आता खिशातल्या फोनवरसुद्धा सापडतात.

तेव्हा निवड करायची तर कशी? माझा अंदाज सांगतो. ज्या बोलपटात त्या काळाची खोड दिसते, पण बोलपट स्वतःच तिच्याशी भांडतो, तो आधी घ्यावा. 'कुंकू' तसा आहे. प्रभात 1933 साली कोल्हापूर सोडून पुण्याला गेली, तिथे 1937 साली शांतारामांनी तो केला. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. मामा फसवून भाचीचे लग्न म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो, आणि ती मुलगी त्याला नवरा मानायचे साफ नाकारते. शांता आपट्यांची नीरा रडत बसत नाही, आणि केशवराव दात्यांचा म्हातारा राक्षस नाही. त्याचा त्यालाच हळूहळू उलगडा होतो. देवलांच्या 'शारदा' नाटकात 1899 सालीच जरठ-बाला विवाहाची खिल्ली उडवून झाली होती. पण शारदेवर आपण दया करतो. नीरेची दया येत नाही, तिचा आदर वाटतो. या बोलपटात गाण्यांखेरीज कुठेही वाद्ये वाजत नाहीत, घड्याळाची टिकटिक आणि दारांची करकर एवढेच ऐकू येते, हेही मुलांना सांगावे. कान टवकारून बघतात.

आता हे जुने झाले, असे कुणी म्हणेल. खरेच का? मुलीचे वय अठरा झाल्याशिवाय लग्न नको, असा कायदा आहे. तरी ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांत पोरींची लग्ने घाईने उरकली जातात, हे कारखान्याच्या भागातल्या कुठल्याही शिक्षकाला माहीत आहे. सातवी-आठवीची मुलगी दिवाळीनंतर शाळेत येत नाही. तिच्या मैत्रिणींबरोबर 'कुंकू' बघा, म्हणजे तो किती जुना आहे ते कळेल. मात्र शेवटी म्हातारा जीव देतो. लहान मुलांना ते दाखवू नये; आठवीच्या पुढे चालेल, आणि तेव्हाही तो मार्ग नव्हे हे स्पष्ट बोलावे.

'शेजारी' मात्र कुठल्याही वयाला चालतो. 1941 चा, शांतारामांचाच. एका गावातले हिंदू आणि मुसलमान शेजारी, जिवाभावाचे. धरण बांधायला आलेला कंत्राटदार त्यांच्यात फूट पाडतो. मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले. हिंदी आवृत्तीत तर मुसलमान नटाने हिंदूचे आणि हिंदू नटाने मुसलमानाचे काम केले, ही एक गोष्ट सांगितली तरी अर्धा तास वर्गात चर्चा चालते. शेवटी धरण फुटते तेव्हा मोठी माणसेही डोळे पुसतात. दोन्ही शेजारी जरा जास्तच देवमाणसे आहेत, एवढी माझी तक्रार.

तमाशाचे बोलपट हा आपला कोल्हापुरी मामला, त्यांच्याबद्दल न बोलून चालणार नाही. 'सांगत्ये ऐका' 1959 चा, कोल्हापूरच्या अनंत मान्यांचा; पुण्यात तो अडीच वर्षे चालला. लावणी ऐकायला उत्तम, ढोलकी त्याहून उत्तम. पण फडावरची बाई म्हणजे कुणीही पैसे फेकून हवे ते मागावे अशी, ही नजर कॅमेऱ्याचीही आहे. आणि 'पिंजरा'? 1972 चा. आदर्श शिक्षक नाचणारीच्या नादाने धुळीला मिळतो. शिक्षक मंडळींना हा बोलपट फार आवडतो, कारण त्यात मास्तरची तत्त्वे एवढी उंच आहेत! पण घसरला मास्तर आणि पाप त्या बाईच्या पदरात, हा हिशेब मला कधी जुळला नाही. दहावीच्या मुलांनी तो बघावा आणि हा हिशेब आपणच मांडून पाहावा. लहानांना नको. त्यातली गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर स्वतः कोल्हापूरचे शिक्षक होते, हे मुलांना सांगायला विसरू नका. आपल्यासारखा मास्तर लावणीही लिहितो म्हटल्यावर त्यांना फार मौज वाटते. लहान मुलांसाठी खेबुडकरांचे गाणे हवे तर भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' आहे, 1965 चा. लोहाराच्या भट्टीपुढचे ते गाणे आणि 'आनंदघन' हे नाव घेऊन लता मंगेशकरांनी दिलेले संगीत. घाम गाळणाऱ्या माणसाची अशी पूजा फार थोड्या बोलपटांत आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. बोलपट एका बैठकीत संपवू नये. जिथे मन अडखळते तिथेच थांबवावा. 'अयोध्येचा राजा' मी पुढे पुन्हा दाखवला, तेव्हा लिलावाच्या आधी यंत्र बंद केले आणि मुलांना विचारले, राजाने आता काय करावे? एकजण म्हणाला, ऋषीला सांगावे की माझे मीच फेडीन. दुसरी म्हणाली, राणीला विचारावे. ती कदाचित हो म्हणेल, पण विचारावे. मग पुढचा भाग लावला. गाणी मात्र मध्ये तोडू नयेत. गाणे चालू असताना गुरुजींनी बोलू लागणे यासारखा अरसिकपणा नाही.

आणि घरी? घरी आजोबांना सगळे पाठ असते, ते पुढचे आधीच सांगून टाकतात. सांगू द्यावे. पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा कसा असे, बायका एकीकडे नि पुरुष एकीकडे कसे बसत, रीळ तुटले की शिट्ट्या कशा पडत, हे त्यांच्याकडूनच कळायचे. फक्त "आमच्या वेळी बायका अशा होत्या" असे ते म्हणू लागले की आजींकडेही एकदा बघावे.

शेवटी 'संत तुकाराम'विषयी. दामले-फत्तेलालांचा, 1936 चा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करीत. तुकारामाची ती मऊ हालचाल तिथून आली असावी, असे मला वाटते. अडचणी यातही आहेत. धान्याच्या राशी पडतात, देव शिवाजी महाराजांना वाचवायला धावतो, विमान वैकुंठाला जाते. विज्ञान शिकवणारे शिक्षक कुरकुरतात. त्यांना मी म्हणतो, चमत्कार झाला का यावर भांडू नका, कॅमेऱ्याने तो कसा केला ते शिकवा. एकाच फितीवर दोनदा चित्र घेतले की काय होते, हे फळ्यावर काढून दाखवा.

दुसरी अडचण जिजाईची. कीर्तनांतून ती पिढ्यान्‌पिढ्या कजाग म्हणून हसण्याचा विषय झाली. बोलपटातही पोरे तिच्या शिव्यांना हसतात. पण ते काम करणारी गौरी ही स्टुडिओत किरकोळ कामे करत वर आलेली बाई. तिने संतापामागची भूक दाखवली. घरात दाणा नाही, पोर आजारी, नवरा मिळालेले वाटून टाकतो. ती देवळात जाऊन देवालाच वहाण दाखवते. माझ्या वर्गात पहिल्यांदा हसू फुटले, मग थांबले. चित्रपट संपला, विमान गेले, दिवे लावले. मी वाट बघत होतो की आता कुणी वैकुंठाबद्दल विचारील. पहिल्या रांगेतले एक पोर उठले आणि म्हणाले, "गुरुजी, मग म्हशीचं आन् पोरांचं कोण बघणार? जिजाईच ना?"